वरच्या थराला माणूस नाही

मी पोटापाण्यासाठी माणसं मोजतो. म्हणजे प्रत्यक्ष मोजायला दुसरंच कोणीतरी उन्हातान्हात दारोदार फिरतं. मी पंख्याखाली बसून त्या आकड्यांवर शहाणपण करतो आणि दादरच्या एका कॉलेजात पोरांना ते शहाणपण शिकवतो. विषयाचं नाव लोकसंख्याशास्त्र. आईला हा शब्द कधी धड उच्चारता आला नाही आणि तिने फारशी खटपटही केली नाही. मला नोकरी लागली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माणसां मोजूक पगार गावता? मगे आमच्याच खोलीत मोज. हय पाय पसरूक जागा नाय."

विषय तसा सोपा आहे. जाडजूड पुस्तकं लिहून तो अवघड करून ठेवलाय, कारण आमचीही पोटं आहेत. एखाद्या जागेची लोकसंख्या तीनच कारणांनी बदलते. माणूस जन्मतो, माणूस मरतो, नाहीतर माणूस डोंबिवलीला जातो. पहिल्या तासाला मी हे वाक्य टाकतो. डोंबिवलीची पोरं सोडून बाकीची हसतात.

डिलाईल रोडच्या ज्या चाळीत मी वाढलो ती याच तिसऱ्या कारणाने रिकामी होत गेली. मी स्वतः लग्नानंतर ठाण्याला गेलो. म्हणजे त्या रिकामेपणात माझाही हातभार आहे, उगाच सोज्वळपणाचा आव कशाला आणू. चाळीत उरले आई, दादा आणि वहिनी. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. जन्मभर बसवर कंडक्टर होता, आता निवृत्त. त्याचा मुलगा कॅनडात. दादाचा आवाज असा की तो जिन्यात कोणाला हाक मारायला लागला की समोरच्या चाळीतली माणसं गॅलरीत येतात. त्यामुळे दहीहंडीला माईक त्याच्याच हातात असतो, आणि खरं सांगायचं तर त्याला माईकची गरज नसते.

आमच्या हंडीच्या दोन रीती आहेत, त्या आधी सांगून टाकतो. पहिली अशी की चौकात बांधलेली हंडी आमच्याच चाळीचं पथक फोडणार. बक्षीस नाही, बॅनर नाही, पुढारी नाही. आसपासची पथकं येतात, सलामी देतात, सरबत पितात आणि निघून जातात. बाहेरच्याने आमची हंडी फोडलीय असं कधी झालं नाही. दुसरी रीत म्हणजे वरचं पोर हंडीपर्यंत पोचलं की लाऊडस्पीकरवरून त्याची खोली पुकारायची. नाव नाही, खोली. गिरण्यांच्या काळात प्रत्येक घरात तीच चार देवांची नावं. चौकातून एका नावाने हाक मारली की पाच पोरं ओ द्यायची आणि सहावं मार खायचं. म्हणून नंबर. "खोली नंबर सात!" असं दादा ओरडला की सात नंबरची आई गॅलरीत उभी राहून रडायची, आणि मगच पोराने हंडीवर हात मारायचा. पुकारा झाल्याशिवाय हंडी फोडायची नाही, हा नियम. मीसुद्धा एकदा वर गेलोय. तेव्हा आमची खोली पुकारली गेली, आणि आई रडली नाही. खाली उतरल्यावर चड्डी फाडली म्हणून धपाटा घातला.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीनंतर चाळ रिकामी करायची, पाडायची, तिथे टॉवर व्हायचा, असं सगळं ठरून सह्या झाल्या होत्या. म्हणजे चौकातली ती शेवटची हंडी. पुढच्या वर्षी चौकच नसणार. टॉवरमध्ये हंडी कुठे बांधणार, पार्किंगच्या पहिल्या पातळीवर? दादाने मनात घेतलं की शेवटची हंडी आपणच फोडायची, आणि ती दणक्यात. गुरुपौर्णिमा झाली, सरावाचा नारळ फुटला आणि त्याच रात्री मला त्याचा फोन आला.

"वरच्या थराला माणूस नाही रे," तो म्हणाला.

मी त्याला माझं शास्त्र ऐकवलं. जन्मदर खाली आलाय, घराघरात एकच मूल, तरुण जोडपी लांबच्या उपनगरात गेलीत, मागे राहिलेत ते म्हातारे. चौदाच्या आतलं पोर नियमाने वर चढवता येत नाही. म्हणजे चौदाच्या वरचं, पण वजनाने हलकं, न घाबरणारं आणि चाळीतलं, एवढ्या अटींत बसणारं माणूस मिळणं कठीणच. दादाने सगळं ऐकून घेतलं.

"तुला एकच आहे," तो म्हणाला. "तू काय दिवे लावलेस ते सांग."

मी रविवारी येतो म्हणालो आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी सरावाला गेलो तेव्हा खालच्या थराला मात्र माणूसच माणूस होतं. पन्नाशीचे, पंचावन्नचे, पोट सुटलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले, शुगरची गोळी घेऊन आलेले काका लोक. मी वर्गात लोकसंख्येचा मनोरा काढून दाखवतो, त्यात खाली लहान पोरं असतात आणि वरती निमुळते होत गेलेले म्हातारे. आमच्या चौकात ते चित्र कोणीतरी उलटं टांगून ठेवलं होतं. खाली म्हातारे खांद्याला खांदा लावून तयार, आणि वर आभाळ. एक काका मला म्हणाले, "प्रोफेसर, खालून आपण पन्नास वर्षं टिकतो. वर कोणाला पाठवतोस बोल."

दादाने वटहुकूम काढला, की चाळीतून गेलेल्या सगळ्यांनी पोरं घेऊन यायचं. आणि आले, हे त्यांचं कौतुक आहे. बदलापूर, विरार, पनवेल, जिथे जिथे आमची चाळ जाऊन सांडली होती तिथून गाड्या आल्या. गाड्यांतून पोरं उतरली, पोरांच्या मागे त्यांच्या आया, आणि आयांच्या हातात पाण्याच्या बाटल्या, नॅपकिन, सनस्क्रीन. पोरं गोड होती. वजनंही तशीच होती. एकाचा क्लास होता म्हणून तो पाऊण तासात गेला. एक धुळीने शिंकत राहिला. एकाने विचारलं की वर गेल्यावर सेल्फी काढता येईल का. दादाने त्याच्याकडे असं पाहिलं की पोरगं आईच्या मागे जाऊन उभं राहिलं.

मग माझ्या चिरंजिवांची पाळी आली. काट्यासारखा बारीक, चौदा पुरी. दुसऱ्या थरापर्यंत व्यवस्थित गेला. मला उगाच छाती भरून वगैरे आली. तिथे एका काकांच्या खांद्यावर उभं राहून त्याने खाली पाहिलं आणि इंग्रजीत कळवलं की त्याला कम्फर्टेबल वाटत नाहीये. मग उतरला. चाळीच्या इतिहासात मनोऱ्यावरून इतक्या सभ्यपणे कोणी उतरलं नसेल. मला राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली, कारण पोराचं म्हणणं तसं बरोबरच होतं.

आई हे सगळं पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खुर्ची टाकून पाहत होती. ऐंशीला टेकलीय, पाय गेलेत, जीभ शाबूत आहे. दादा वर आला, तेव्हा तिने हाताने दाखवलं. गच्चीच्या टाकीचा कॉक सोडायला एक मुलगी बाहेरच्या पाइपाला धरून सरसर वर चालली होती. चाळीत पाणी कमी आलं की हे काम तिचंच. पंधरा वर्षांची, दहावीतली, वाऱ्याने उडेल इतकी हलकी.

"ती बघ," आई म्हणाली. "ती चडात."

"ती आपली नाय गो," दादा म्हणाला.

"मगे कोणाची?"

आता या "आपली नाय"चा अर्थ सांगायला हवा. ती मुलगी राहते खोली नंबर अठरामध्ये. अठरा नंबरचा खोलीवाला डोंबिवलीला गेला तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. त्याने खोली भाड्याने दिली जौनपूरहून आलेल्या एका जोडप्याला. तिचा बाप लिफ्टचा मेकॅनिक. जवळच्या गिरणीच्या जागेवर जे टॉवर उभे राहिलेत त्यांच्या लिफ्ट दुरुस्त करतो. मुलगी इथे जन्मली. आईबाप कामाला गेले की ती आमच्या आईपाशी असायची, आईच्याच ताटात जेवली, आईच्याच मांडीवर झोपली. त्यामुळे ती अस्सल मालवणी बोलते. माझा मुलगा आजीशी दुभाष्यामार्फत बोलतो, आणि ही पोरगी आईशी भांडते.

पण दादाच्या डोक्यात अठरा नंबर म्हटलं की डोंबिवलीवाले. तेच आपले. वर्षातून दोनदा येऊन चौकात पाणीपुरी खाऊन जाणारे ते चाळीतले, आणि रोज जिना झाडणारे हे भाडोत्री. दरवर्षी हंडीचा दोर ओढायला या लिफ्टवाल्याला बोलावतात, कारण दोर आणि कप्पी त्याच्याइतकी कोणाला समजत नाही. दोर ओढून झाला की तो बाजूला उभा राहतो. कोणी त्याला जा म्हणत नाही, आणि कोणी ये असंही म्हणत नाही.

मी दादाला म्हटलं, "माणसं मोजायच्या दोन पद्धती असतात. एक, त्या दिवशी माणूस जिथे आहे तिथे मोजायचा. दुसरी, तो कायम जिथे राहतो तिथे मोजायचा. तू कुठल्याही पद्धतीने मोज, ती पोरगी इथली निघते आणि मी ठाण्याचा निघतो. तू तिसरीच काहीतरी पद्धत काढलीयस."

"तुझं शास्त्र तुझ्याकडे ठेव."

"आपले आजोबा बोटीने आले तेव्हा या चाळीत कोणाचे होते? एका खोलीत खोलीभर बाप्ये, पाळी सुटली की एकाने उठायचं आणि त्याच वळकटीवर दुसऱ्याने झोपायचं. तेव्हा इथल्या जुन्या लोकांनी काय म्हटलं असेल, आपला माणूस आला?"

"आजोबा गिरणीत होते," दादा म्हणाला.

"हाही त्याच गिरणीत आहे. फरक इतकाच की आता गिरणीत लिफ्ट आहे."

दादा तेव्हा उठून गेला. तीन दिवस माझा फोन घेतला नाही. पण तो मनाने कोता माणूस नाही, हट्टी आहे. आणि पुढचे दोन सराव तसेच वर आभाळ ठेवून संपल्यावर शेजारच्या गल्लीतल्या पथकाचा निरोप आला, की तुमच्याकडे पोर नसेल तर सांगा, आम्ही फोडून देऊ. मदत म्हणूनच म्हणाले बिचारे. दादाला त्या रात्री जेवण गेलं नाही असं वहिनीने सांगितलं. सकाळी तो शर्ट बदलून, केस विंचरून खाली अठरा नंबरच्या दाराशी गेला. मागणी घालायला जावं तसा गेला, असं आई म्हणाली, आणि नंतर दिवसभर हसत होती.

मुलीचे आईबाप एका पायावर तयार झाले. मुलगी मात्र दारातच उभी राहून विचारायला लागली.

"काकानू, खोली सांगतालास मां?"

"सांगणार म्हणजे काय," दादा म्हणाला. "रीतच आहे ती."

"अठरा?"

"अठरा."

बस, एवढंच तिला हवं होतं. लहानपणापासून ती आमच्या आईच्या शेजारी बसून प्रत्येक वर्षी एकेक नंबर पुकारलेला ऐकत आली होती. आईने मला नंतर सांगितलं, की पोरगी पाच-सहा वर्षांची असताना घरातल्या डब्यांवर चढून स्वतःच ओरडायची, खोली नंबर अठरा. आता ते दादाच्या आवाजात होणार होतं. सरावाला पहिल्याच दिवशी ती चारही थर अशी चढली की खालच्या काकांना ती खांद्यावरून गेल्याचं कळलंच नाही. एकाने विचारलं, "चढली की नाही अजून?" तेव्हा ती वर उभी राहून हात हलवत होती.

दादा खुशीत आला. पथकाच्या बनियनचा नवा रंग ठरला. मी कॉलेजातून रजा टाकली. आणि गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे हंडीच्याच सकाळी, डोंबिवलीहून अठरा नंबरचा खोलीवाला आला.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही मनात शिव्या घालायला सुरुवात कराल. लहानपणी आम्ही एकत्र गोट्या खेळलोय. बायकोमुलांसकट आला, आईच्या पाया पडला, पेढे ठेवले. मग त्याने ऐकलं की वर कोण चढणार आहे. त्याला ते आवडलंसुद्धा. "वा, पोरगी धाडसी आहे," म्हणाला. मग त्याच्या डोक्यात काहीतरी शिरलं. त्याने दादाला गॅलरीच्या कोपऱ्यात नेलं. मी शेजारीच दाढी करत होतो.

"चढू दे तिला. पण नंबर पुकारू नकोस," तो म्हणाला.

"का?"

"अरे, दहा मोबाईल लागतात. व्हिडिओ सगळीकडे जातो. तू माईकवरून सांगणार की अठरा नंबरची मुलगी. उद्या हा माणूस तो व्हिडिओ घेऊन बिल्डरकडे गेला, की बघा, सगळी चाळ म्हणतेय आम्ही अठरा नंबरचे, तर मी कुठे जाऊ? माझा फ्लॅट लटकेल."

मी तोंडावरचा फेस तसाच ठेवून त्याच्याकडे पाहत राहिलो. दहीहंडीच्या पुकाऱ्याने भाडेकरूचा हक्क सिद्ध होतो ही कल्पना फक्त आमच्याच चाळीतल्या माणसाला सुचू शकते. कुठल्या वकिलाला सांगितली असती तर तो खुर्चीवरून पडला असता. पण हा गंभीर होता. टॉवरमधला तो फ्लॅट हे त्याच्या जन्माचं एकमेव घबाड होतं आणि भीतीला कायदा कळत नाही.

"असं काही होत नाही," मी म्हणालो.

"तू मध्ये बोलू नकोस. तुझं झालंय ठाण्यात," तो म्हणाला. आणि मग दादाला, "माझ्या खोलीचा नंबर घेतलास तर उद्या त्यांना बाहेर काढीन. दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं, ते विसरा. आईची शपथ."

हे तो एवढ्या मोठ्याने बोलला की चौकात कप्पीला तेल घालत असलेल्या लिफ्टवाल्याने वर पाहिलं. त्याने सगळं ऐकलं होतं. हात पुसत तो जिना चढून आला. इतकी वर्षं तो दादाशी मराठीत बोलायचा, त्या दिवशी हिंदीत बोलला.

"भाऊ, नंबर रहने दो," तो म्हणाला. "चाल की बेटी बोल देना. उतना बहुत है."

मला त्या खोलीवाल्याचं मानगूट धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं, आणि मी काय केलं, तर दाढी पूर्ण केली. घरात आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिनेही ऐकलं होतं. मुलीला मात्र कोणी सांगितलं नाही. सांगणार तरी कोण आणि कुठल्या तोंडाने.

दुपारी चौक भरला. ढोल, ताशा, गॅलऱ्यांतून पाण्याच्या बादल्या. बाहेरची पथकं सलामी देऊन गेली. मग आमचं पथक उभं राहिलं. मी सगळ्यात खाली, आतल्या गोलात. तिथून काहीही दिसत नाही. मान खाली, हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर, आणि डोळ्यांसमोर दहा-बारा काकांची पायाची बोटं. ज्यांना वाटतं की प्राध्यापकाने समाजाकडे उंचावरून पाहावं त्यांनी एकदा इथे येऊन उभं राहावं. दुसरा थर चढला, माझ्या मानेत कळ गेली. तिसरा चढला, शेजारच्या काकांनी देवाचं नाव घेतलं. मग पाठीवरून काहीतरी हलकं गेलं, आणि गर्दीचा आवाज एकदम चढला, त्यावरून मी ओळखलं की ती वर पोचली.

ढोल थांबले. पुकाऱ्यासाठी ढोल थांबवतात.

दादाचा आवाज आला. "आमच्या चाळीची मुलगी..." तो म्हणाला, आणि पुढे काहीच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मडकं फुटायची वाट पाहत होतो. मडकं फुटलं नाही.

"फोड गे बाय," खालून कोणीतरी ओरडलं.

वरून तिचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ. "खोली सांगा."

टाळ्या विरल्या. दादा माईकवर नुसता श्वास घेत होता, तो आम्हाला ऐकू येत होता. शेजारच्या काकांचा गुडघा थरथरायला लागला. "काय चाललंय? बोल म्हणावं तुझ्या भावाला, मी गेलो," ते मला म्हणाले. पलीकडच्याने एक सणसणीत शिवी घातली, ती कोणाला उद्देशून होती ते कळलं नाही. वरचे थर किंचित डुलले. माईकजवळ कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "नाही हां, आधीच सांगितलंय." तो डोंबिवलीवाला होता.

"काकानू, खोली सांगा," ती पुन्हा म्हणाली. आता तिच्या आवाजात पाणी होतं. तिला कळलं होतं की काहीतरी बिनसलंय, आणि ती तरीही हंडीवर हात मारत नव्हती. आम्हीच शिकवलेला नियम पाळत होती पोरगी. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात दोराच्या बाजूने तिच्या बापाचा आवाज आला. त्याच्या दोन्ही हातांत दोर होता, सोडता येत नव्हता, म्हणून तो तिथूनच ओरडला.

"बोल दो भाऊ. बोल दो. जो होगा देख लेंगे."

"खोली नंबर अठरा!" दादा ओरडला.

मी जन्मभर त्याचा आवाज ऐकलाय, पण असा कधी नाही. माईक शिट्टी मारून बंद पडला, आणि तो माईकशिवाय पुन्हा तेच ओरडला. मडकं फुटल्याचा आवाज मला ऐकू आला नाही, इतका गलका झाला. दही, पोहे आणि दोराचा भुगा माझ्या मानेवरून आत गेला. थर उतरले तेव्हा मी बाजूला जाऊन खाली बसलो. दादा माईकची वायर हातात धरून उभा होता, आणि गॅलरीत आई उभी होती. तिचे पाय गेलेत म्हणून आम्ही तिला दोन वर्षं उचलून बसवतो-उठवतो. ती उभी होती आणि रडत होती.

खोलीवाल्याने शब्द पाळला. चाळीने त्याला खूप समजावलं, दादा तर त्याच्या अंगावर धावून गेला, मी कायद्याच्या चार गोष्टी सांगितल्या. पण कायदा त्याच्याच बाजूने होता, अकरा महिन्यांचा करार कधीच संपला होता. त्याने आठवडाभर मुदत दिली, आणि तीही आईने त्याला लहानपणी पाजलेल्या पेजेची आठवण करून दिल्यावर. लिफ्टवाल्याला नालासोपाऱ्याला खोली मिळाली. तिथून त्याने रोज कामाला यायचं, हे ठीक. पण पोरीची शाळा इथे, आणि दहावीचं वर्ष.

यावर चर्चा करायला आम्ही सगळे आईच्या खोलीत बसलो होतो. वहिनी म्हणाली, नालासोपाऱ्याला शाळा असतीलच की. मी म्हणालो, वर्षाच्या मध्ये शाळा बदलणं वाईट. दादा म्हणाला, आपलंही दिवाळीनंतर भाड्याच्या जागेत बिऱ्हाड जाणार, तिथे किती जागा असेल कोण जाणे. आम्ही सगळे शहाणे बोलत राहिलो. आई सुपारी कातरत होती. आमच्या घरात गावाहून आलेली किती पोरं शिकायला राहून गेली, त्याचा हिशोब नाही. कोणाचा तरी पुतण्या, कोणाचा तरी भाचा, ट्रंक घेऊन यायचा आणि नोकरी लागेपर्यंत कॉटखाली झोपायचा. मुंबईतल्या प्रत्येक कोकणी घरात हे चालायचं आणि त्याला कोणी चर्चा म्हणत नसे.

"पोरगी हय ऱ्हवतली," आई म्हणाली. "जंय मी थंय ती."

दादाने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की तो हेच कोणीतरी बोलेल याची वाट पाहत होता. वहिनी उठून आत गेली आणि कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करायला लागली. गावाहून आलेल्या भाच्यापुतण्यांची सोय करताना ती नेहमी तोच कप्पा रिकामा करायची.

टेम्पो आला त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. दादा आणि लिफ्टवाला, दोघांनी मिळून कपाट उचलून टेम्पोत चढवलं. सामान फार नव्हतं. मुलीच्या आईने आमच्या आईचे पाय धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. लिफ्टवाला टेम्पोत मागे, गाद्यांवर बसला. मुलीने हात हलवला नाही. टेम्पो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ती गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होती. खाली अठरा नंबरला नवं कुलूप लागलं होतं आणि तो डोंबिवलीवाला आमच्याकडे वर न बघता किल्ली खिशात टाकून निघून गेला.

मग ती आत आली आणि आईच्या खुर्चीशी जमिनीवर बसली.

"आज्जे," ती म्हणाली, "आता माका खंयची म्हणतले?"

मी आणि दादाने एकमेकांकडे पाहिलं. माणूस कुठला म्हणायचा, मी जन्मभर हाच प्रश्न शिकवतोय.

"माजी म्हणतले, आनी कोणाची?" आई म्हणाली. "ऊठ, दूध घेवन ये. चाय करूक दूध नाय."